बारा मिलिमीटर

४ फेब्रुवारी

दादा,

'तीर्थरूप' लिहिलं तर तू हसशील आणि 'प्रिय' लिहिलं तर पत्र फाडशील, म्हणून नुसतं दादा.

वहिनीने बाबांसाठी स्वेटर पाठवला, त्या पार्सलवरून पत्ता उतरवून घेतला. बाबा स्वेटर घालतात. कुणी पाठवला ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. घरात तुझं नाव निघत नाही. चुकून निघालंच तर ते उठून गॅलरीत जातात.

पूल अजून त्याच जोडावर अडकलाय. तुमच्या कारखान्यातून आलेला, तू भोकांच्या खुणा केलेला गर्डरचा तुकडा आणि दुसऱ्या कारखान्यातून आलेला तुकडा टोकाला टोक लावून उभे आहेत, खालून लोखंडी टेकू दिलेत. जोडायच्या प्लेटा धरल्या की त्या बाजूची सगळी भोकं जुळतात आणि तुझ्या बाजूचं एकही जुळत नाही. बोल्ट सरकवायला गेलं की निम्म्यावर लोखंड आडवं येतं. साइटवरचा फोरमन (सगळे त्याला मामाच म्हणतात) परवा पट्टी लावून म्हणाला, "चुकणाऱ्याचा हात तरी बघा मॅडम, सोळाच्या सोळा भोकं बारा मिलिमीटरनेच बाहेर. साडेअकरा नाही की सव्वाबारा नाही. इतकं सरळ चुकायला पण अक्कल लागते." मी वहीत आकडा लिहून घेतला.

भोकं चुकली कशी, त्या चौकशीत मी जे सांगितलं ते तुझ्यावर राग धरून नाही सांगितलं. विचारलं, ते सांगितलं. भोकांच्या सगळ्या ओळी कडेपासून आणखी बारा मिलिमीटर आत घ्यायच्या, असं सुधारित ड्रॉइंग आलं होतं. ते मी रविवारी घरी तुझ्या हातात दिलं, असं मी म्हणाले, आणि रजिस्टरमध्ये तशी नोंद होती. तू म्हणालास, असा कागद मी पाहिलाच नाही. त्याला आता तीन महिने झाले. डोकं शांत झालं असेल, म्हणून विचारते. तुला खरंच आठवत नाही का? त्या रविवारी बाबांना कुणी ठेवून घ्यायचं यावरून आपलं वाजलं आणि तू भरल्या ताटावरून उठून गेलास. रागाच्या भरात माणूस कागद कुठेही कोंबतो. स्कूटरच्या डिकीत, रद्दीत. एकदा बघ. सापडला तर निदान तुझं तुला कळेल.

तू आता खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्याकडे कामाला आहेस असं ऐकलं. काम वाईट नाही.

— धाकटी


११ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चालले नव्हते, तरी रोज टपालवाल्याच्या वेळेला खिडकीत जाऊन उभी राहत होते.

कामाचं सांगते. डिझाइनवाल्या बाई येऊन जोड बघून गेल्या. पाऊणशे पायऱ्या चढून वर आल्या, दम लागलेला, पण पहिला प्रश्न काय, तर "गर्डरच्या भोकांना कुणी हात लावलाय का?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग लावूही नका. भोकं आहेत तिथे राहू देत. प्लेटा नव्या करा. एका बाजूला ही मापं, दुसऱ्या बाजूला ती. कडेला लोखंड पुरेसं आहे, जोडाला काही होत नाही." एवढं सोपं. शिंप्याने बटणाची जागा बदलावी तसं.

पण तसल्या जाड प्लेटा मिळायला तीन आठवडे लागतात. पुलाखालचा रस्ता एक मार्चला रहदारीला खुला करायचा, असा शब्द साहेबांनी वर दिलाय. रस्ता खुला करायचा म्हणजे टेकू काढायचे, आणि टेकू काढायचे म्हणजे त्याआधी जोड पक्का हवा. बाई गेल्यावर साहेब आणि मामा बराच वेळ गाडीपाशी उभे राहून बोलत होते.

दुसऱ्या दिवशी मामाने गॅसचं कटर वर चढवलं. खालच्या पट्टीची सहा भोकं जाळून लांबट केली. मग जाड वॉशर घातले, बोल्ट आवळले आणि वरून रंग मारला. मी तेव्हा ऑफिसात होते. मला नंतर कळलं.

तुला राग येईल म्हणून लिहीत नव्हते, पण मग लिहायला दुसरं आहेच काय? लहानपणी तू माझ्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन दाराच्या चौकटीवर माझी उंची मोजायचास आणि आईला ओरडून सांगायचास, "दोन सूत वाढली!" कारखान्यात तुला 'सूत' म्हणतात हे मला खूप नंतर कळलं. डोळ्यांनी सुतापर्यंत सांगणारा माणूस, म्हणून.

— धाकटी


१९ फेब्रुवारी

दादा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मी ऑफिसात नव्हते. मी जोडापाशीच उभी होते, मामापासून दोन हातांवर. हातात गर्डरच्या मापांची वही होती.

त्याने कटर पेटवण्याआधी माझ्याकडे बघितलं होतं. म्हणाला, "मॅडम, तुम्ही थांबा म्हणालात तर मी थांबतो. मला काय हौस नाही. साहेबांनी सांगितलंय, पण इथल्या इंजिनियर तुम्ही." मी वहीत बघत राहिले. त्याने दोनदा विचारलं. मग चष्मा ओढला आणि कामाला लागला. पहिल्या भोकातून ठिणग्या खाली पडल्या तेव्हा मी म्हणायला हवं होतं. दुसऱ्याला म्हणायला हवं होतं. सहाव्याला मामाच थांबला. "उरलेली रीमरने कातून बघू," म्हणाला आणि कटर बंद केलं. 

मी का गप्प बसले, ते आता सांगते. थांबा म्हटलं असतं तर साहेबांनी मला बाईंसमोर उभं केलं असतं. बाईंनी विचारलं असतं, भोकं इतकी एकसारखी चुकली कशी? हा हात चुकलेला दिसत नाही, हे तर जुन्या ड्रॉइंगचं माप आहे. मग तो सुधारित कागद, मग ते रजिस्टर.

दादा, तो कागद मी तुला दिला नव्हता.

शुक्रवारी तो ऑफिसात आला होता. दुसऱ्या कारखान्याची प्रत मी त्याच दिवशी रवाना केली. तुमची प्रत पिशवीत टाकली. म्हटलं, रविवारी दादा जेवायला येणारच आहे, हातातच देईन, समजावूनही सांगेन. रविवारी काय झालं ते तुला माहीत आहे. तू दार आपटून गेलास आणि मी ताटं उचलताना रडत बसले. कागद पिशवीतल्या आतल्या कप्प्यात राहिला तो राहिलाच. दोन महिने. गर्डर वर चढला, प्लेटा लागेनात, सगळे धावाधाव करायला लागले, तेव्हा मी घरी येऊन पिशवी उलटी केली. घडीसुद्धा मोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले आणि रजिस्टरमध्ये दोन ओळींच्या मधे लिहिलं, 'एक प्रत, हस्ते.' कागद फाडून टाकला. तुला कामावरून काढतील असं वाटलं नव्हतं. ताकीद देतील, बोलणी खाशील, पुढच्या महिन्यात सगळे विसरतील, असं मी स्वतःला सांगत होते. मग तुला काढलं, आणि त्यानंतर तोंड उघडायचं म्हणजे आणखी मोठं झालं होतं सगळं.

आणि पहिल्या पत्रात मी तुलाच डिकीत शोधायला सांगितलं. ते लिहिताना मला वाटत होतं की कदाचित मी दिलाही असेल.

मी काय करू ते सांग, असं विचारत नाही. मला कळतं काय करायचं ते. करवत नाहीये.


२४ फेब्रुवारी

दादा,

साहेबांकडे गेले होते. आधी त्यांना सांगावं असं वाटलं, तेही तसं भ्याडपणानेच. त्यांनी दार लावून घेतलं आणि मला पाणी दिलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "मॅडम, बोल्ट आवळलेत ना? मग झालं. भावाचं म्हणाल तर त्याला दुसरीकडे काम मिळालंय. आता हे उकरून कुणाचं भलं होणार आहे? आधी तुम्ही जाल, मग मी, मग मामा. मामाच्या घरी खाणारी सात तोंडं आहेत."

 एकच म्हटलं, "साहेब, जाळलेल्या कडेला चीर सुरू होते. आज नाही, पाच वर्षांनी होईल. तेव्हा वर गाड्या असतील." ते म्हणाले, "पाच वर्षांनी कोण कुठे असेल!"

खाली उतरले तर मामा टेकूंचे जॅक तपासत होता. एक मार्चची तयारी. त्याला विचारलं, "मामा, यावरून तुमची मुलं जातील का?" त्याने चिंधीने हात पुसले. मग म्हणाला, "मी त्यांना सांगितलंय, लांबच्या रस्त्याने जा."

त्याच वेळी मी तिथून निघाले. डिझाइनवाल्या बाईंचं ऑफिस गाठलं. त्या जेवायला बसल्या होत्या. उभ्या उभ्याच दोन्ही गोष्टी सांगितल्या, सहा भोकांची आणि कागदाची. त्यांनी डबा बंद केला, समोर कोरा कागद ठेवला आणि म्हणाल्या, "हे सगळं लिहा. आणि सही करा."

लिहिलं. सही केली. तुझ्या नावापुढे 'निर्दोष' असा शब्द लिहिताना पेन चालेना, दोनदा रेघ ओढून बघावी लागली.

— धाकटी


८ मार्च

दादा,

टेकू काढले नाहीत. रस्ता बंदच आहे, आणि येता-जाता लोक आमच्या नावाने बोटं मोडतात. जोड उघडला. बोल्ट सोडून खालची प्लेट काढली आणि रंग खरवडला. सहा भोकांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. बाईंनी कडा घासून गुळगुळीत करून घेतल्या आणि लाल द्रव लावून चिरा तपासल्या. एका भोकाला निघाली. नखाएवढी. टेकू अजून खालीच होते, वर वजन नव्हतं, आणि तरीही निघाली. ती संपेपर्यंत घासली.

आता त्या सहा भोकांमध्ये बोल्ट बसतील, पण त्यांच्यावर भार धरायचा नाही. नव्या प्लेटा जास्त लांब करायच्या (लोखंड बाईंनी त्याच दिवशी मागवलंय), आणि आतल्या चांगल्या लोखंडात भोकांच्या दोन ओळी जास्त पाडायच्या. त्यासाठी आहेत त्या भोकांचा पातळ पत्र्यावर हुबेहूब छाप घ्यायला हवा. बाई म्हणाल्या, "ज्याने या खुणा केल्या त्यालाच बोलवा. इतका सरळ हात दुसरा कुठे शोधू?"

कंपनीचं पत्र तुला गेलंय. त्यात माझी कबुली जोडली आहे. साहेबांची बदली झाली, मामाला ताकीद मिळाली. मला पंधरा तारखेपर्यंत सगळे कागद सोपवून मोकळं व्हायचंय. तू आलास तर माझ्याशी बोलायलाच पाहिजे असं नाही. पट्टीचं दुसरं टोक धरायला मी कुणाला तरी सांगेन.


१७ मार्च

दादा,

तू काल गेलास. समोर चार दिवस होतास, तेव्हा जे बोलता आलं नाही ते आता परत कागदावरच.

तू पायऱ्या चढून आलास तेव्हा बारीक झालेला दिसलास. मामाने पुढे होऊन तुझा हात धरला आणि म्हणाला, "सूतराव, चूक झाली." तू म्हणालास, "तुम्ही बोल्ट घालायचं बघत होतात मामा. चूक वेगळी." आणि माझ्याकडे न बघता पत्रा मागितलास.

दुसरं टोक धरायला मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तूही विचारलं नाहीस. दोन दिवस तू आकडे सांगायचास आणि मी लिहायचे. "एकोणपन्नास." "एकोणपन्नास." "एकशे चोवीस." "एकशे चोवीस." तुझ्या तोंडून निघालेला आकडा परत म्हणायला मिळतोय, एवढंच मला पुरे होतं.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "दादा, पत्रात मी सगळं लिहिलंय, तरी—"

"पत्रं मी वाचली नाहीत," तू म्हणालास. "तुझी पाचही पाकिटं तशीच पडलीयत. वहिनी म्हणते फोड. मी नाही फोडत. कंपनीचं वाचलं, त्यात मोजून चार ओळी होत्या. तू काय केलंस ते तुझ्या तोंडून सांग."

मग सांगितलं. मामा आणि दोन फिटर ऐकत होते. शुक्रवार, पिशवी, रविवार, दोन ओळींच्या मधली नोंद. पत्रात नीट मांडलेलं सगळं तोंडातून वेडंवाकडं बाहेर पडलं. तू पंच आणि हातोडी खाली ठेवून ऐकलंस. चौकशीत मी 'हातात दिला' म्हणाले तिथवर आल्यावर तू विचारलंस, "माझ्याकडे बघून म्हणालीस?" मी हो म्हटलं. तू म्हणालास, "मला वाटायचं तू भिंतीकडे बघत होतीस. तेवढं एक मी मनाशी धरलं होतं."

मला माफ कर असं म्हणायला तोंड उघडलं तर तू हात वर केलास. "आत्ता नको. आत्ता म्हणालीस तर मी नाही म्हणेन, आणि मग ते तसंच राहील."

निघताना बाबांबद्दल बोललास तेवढंच. चार दिवस तू मजुरांच्या खोल्यांत राहिलास आणि घर तिथून चालत दहा मिनिटांवर. "मी नाही येत. त्यांना वाटतं माझा हात बिघडला. त्यांनीच मला हातोडी धरायला शिकवलं. ते मी त्यांना समजावणार नाही. ते काम तुझं."


२८ मार्च

दादा,

आधी पुलाचं. नव्या प्लेटा बसल्या. एकूण एक बोल्ट नुसत्या हाताने आत गेला, मामाने एकदाही हातोडी उचलली नाही. काल टेकू सोडले. जोड सहा मिलिमीटर खाली बसला. बाईंचा अंदाज सातचा होता. आता मला आत जायची परवानगी नाही, मी खालच्या रस्त्यावर लोकांमध्ये उभी होते. मामाने वरून बोटं दाखवली, सहा.

आज बाबांना सांगितलं. बारा दिवस लावले मी.

रिव्हेट मारून मारून त्यांचे कान कधीच गेले आहेत, आता तर फारच. हळू बोलून चालत नाही. खिडकी लावायला गेले तर म्हणाले, "राहू दे, उकडतंय." मग तशीच ओरडून बोलले. "बाबा, दादाची चूक नव्हती! कागद मी दिलाच नव्हता!" त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. परत म्हणावं लागलं, आणखी मोठ्याने. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थांबली. खाली कुणीतरी स्कूटर बंद केली.

"कुठे होता कागद?"

"माझ्या पिशवीत!"

"किती दिवस?"

"दोन महिने!"

त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग विचारलं, "त्याला कामावरून काढलं तेव्हा, हात बिघडला म्हणून मी त्याला काय काय म्हणालो ते ऐकलंस ना तू?"

"हो."

"तिथेच होतीस?"

"दारात."

मी ओरडले नव्हते, तरी त्यांना ऐकू आलं. ओठांवरून कळलं असेल. ते उठले. वाटलं गॅलरीत जातील. गेले नाहीत. पलंगाखालून बूट ओढून काढले, पायात घातले आणि नाडी न बांधता दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसून राहिले. जेवायला हाक मारली, आले नाहीत. पाणी ठेवलं, ते तसंच राहिलं. माझ्यावर एका शब्दानेही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळ होत आली तेव्हा एकच विचारलं, "तो राहतो तिथे गाडी जाते का?"


३० मार्च

दादा, पोस्टकार्ड लिहितेय म्हणजे फोडावं लागणार नाही. बाबा गुरुवारी सकाळच्या बसने निघताहेत, तुझ्याकडे दुपारी दोनला पोचतील. एकटेच येताहेत. मी दोन तिकिटं मागत होते तर खिडकीपाशी माझा हात बाजूला केला आणि स्वतःच म्हणाले, "एक." परतीचं काढायचं का विचारलं, तर ऐकू न आल्यासारखं केलं. बरोबर एकच पिशवी आहे. स्टँडवर गर्दी असते म्हणून सांगितलंय की उतरलात तिथेच उभे राहा, दादाला यायला उशीर झाला तरी हलू नका, कुणाच्या रिक्षात बसू नका. चार वेळा ओरडून सांगितलं. तेव्हा चिडून म्हणाले, "कळलं गं. तो येईपर्यंत मी कुठे जातोय?"